सांस्कृतिक मासिकाचे संपादकपद : यातून आयुष्यभराची कारकीर्द घडते का?

अनुक्रमणिका (धागाकर्ता)

मराठीतल्या सांस्कृतिक नियतकालिकांचा विषय निघाला की चर्चा लवकरच लेखकांकडे वळते. कोणाची पहिली कथा कुठे छापून आली, कोणाची कविता कुठून साभार परत गेली, हे आपल्याला पाठ असते. ज्याने ती कथा घेतली किंवा ती कविता परत पाठवली, त्या माणसाने हे काम कुठे शिकले, घर कशावर चालवले आणि पन्नाशीला तो कुठे पोहोचला, याची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुण मंडळींना नेमके हेच प्रश्न पडतात. मला ते इतक्या वेळा विचारले गेले आहेत, की त्यांची उत्तरे एकट्याने देण्याऐवजी इथल्या जाणत्या सभासदांसमोर ठेवावीत असे वाटले.

माझे मत आधीच सांगतो. पगार तुटपुंजा आहे ही तक्रार जुनीच आहे, आणि ती खरीही आहे. पण गेल्या दोन-तीन दशकांत नव्याने घडलेली गोष्ट अशी, की मुख्य संपादकाच्या शेजारची दुसरी खुर्ची, म्हणजे पूर्णवेळ साहाय्यक संपादकाची जागा, बहुतेक मासिकांत उरलेली नाही. मराठीतले कितीतरी चांगले संपादक त्या खुर्चीवर बसून तयार झाले आहेत.

विद्या बाळ यांचेच उदाहरण घ्या. १९६४ मध्ये त्या ‘स्त्री’ मासिकात साहाय्यक संपादक म्हणून रुजू झाल्या आणि संपादकपद त्यांच्याकडे आले ते १९८३ मध्ये. मधली जवळजवळ वीस वर्षे त्या दुसऱ्याच्या नावाने निघणाऱ्या अंकाचे काम करत होत्या. १९८६ मध्ये त्या तिथून बाहेर पडल्या आणि १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले, तेव्हा अंक म्हणजे काय, वाचक म्हणजे कोण आणि लिहिण्याची सवय नसलेल्या बाईकडून लिहून कसे घ्यायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत यांच्या शेजारी राम पटवर्धन यांनी वर्षानुवर्षे हस्तलिखिते वाचली. त्या मासिकाचा दर्जा म्हणून आपण ज्याचे नाव घेतो, त्यात या दुसऱ्या माणसाच्या वाचनाचा वाटा फार मोठा आहे.

दुसरी खुर्ची ठेवायची तर तिचा खर्च कोणीतरी सोसावा लागतो. इथे आपला इतिहास फार बोलका आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० ते १९१७ अशी सत्तावीस वर्षे ‘करमणूक’ चालवले. त्याच काळात पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्थाही ते पाहत होते. शं. वा. किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये सुरू केलेला ‘किर्लोस्कर खबर’ हा मुळात एका कारखान्याचा अंक होता. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. ‘सत्यकथे’च्या मागे मौजेचे मुद्रणालय होते. केवळ वर्गणीवर आणि सुट्या विक्रीवर उभे राहून संपादकाला व त्याच्या सहकाऱ्याला आयुष्यभर पोसणारे साहित्यविषयक मासिक मराठीत अपवादानेच सापडेल. म्हणून ज्याला हे काम कारकीर्द म्हणून करायचे आहे, त्याने मासिकाचे धोरण विचारण्याआधी मासिकाच्या मागे काय उभे आहे ते विचारावे, असे मी सांगत आलो आहे.

जाणकारांनी आपापला अनुभव लिहावा. विशेषतः संपादकाचे प्रत्यक्ष काम कसे चालते आणि ते आज कुठे शिकता येते, यावर लिहिल्यास नव्या माणसांना उपयोग होईल.

गोदाकाठ

धागा महत्त्वाचा आहे, पण आपली सगळी उदाहरणे मुंबई-पुण्याची आणि व्यावसायिक घराण्यांची आहेत, हे नम्रपणे नोंदवतो. मराठीत संपादकांची एक दुसरी परंपरा आहे आणि तिच्यात मासिकाने संपादकाला कधीच पोसले नाही. उलट संपादकाने मासिकाला पोसले.

गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ साठच्या दशकाच्या अखेरीपासून २०१८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सांभाळले. उपजीविका प्राध्यापकीवर होती. दलित साहित्याच्या दोन-तीन पिढ्या त्या अंकातून पुढे आल्या. लेखक-वाचकांचे मेळावे भरवून त्यांनी जे केले, ते कोणत्याही मासिकाच्या कार्यालयात बसून झाले नसते, कारण ज्यांच्याकडून लिहून घ्यायचे होते त्यांपैकी अनेकांना आपले जगणे हा लिहिण्याचा विषय असू शकतो हेच आधी कोणी सांगितलेले नव्हते. धुळ्यातून पुरुषोत्तम पाटील यांनी ‘कवितारती’ चालवले, तेही प्राध्यापकच. केवळ कवितेला वाहिलेले नियतकालिक जिल्ह्याच्या गावातून दशकानुदशके निघत राहते, ही माझ्या दृष्टीने मराठी संपादनाच्या इतिहासातली सर्वांत मोठ्या घटनांपैकी एक आहे.

मला खरी चिंता इथे वाटते. या परंपरेचा पाया महाविद्यालयातील कायम नोकरी हा होता. वेळेवर पगार, उन्हाळ्याची सुट्टी, ग्रंथालय आणि रोज भेटणारे विद्यार्थी या चार गोष्टींवर ती नियतकालिके उभी होती. आज त्याच विभागांत तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण प्राध्यापक वर्षातले काही महिनेच कमावतो, आणि तेही उशिरा हाती पडते. त्याने पदरमोड करून त्रैमासिक काढावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? आपण दुसरी खुर्ची गेली म्हणता. आमच्याकडे पहिली खुर्ची ज्या जमिनीवर होती ती जमीनच खचली आहे.

गॅलीप्रूफ

मी खिळ्यांच्या जुळणीपासून डीटीपीपर्यंतचा काळ मुद्रितशोधक आणि नंतर कार्यकारी संपादक म्हणून पाहिला आहे. धागाकर्त्यांनी प्रत्यक्ष कामाविषयी विचारले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१८६७ च्या छापखान्यांविषयीच्या कायद्यात संपादकाची व्याख्या अशी होती, की प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराची निवड ज्याच्या ताब्यात असते तो संपादक. तो कायदा जाऊन २०२३ मध्ये नवा कायदा आला, पण लोकांच्या मनातली व्याख्या अजून तीच आहे. प्रत्यक्षात निवड हा कामाचा लहान भाग असतो. आलेल्या मजकुरातला सरळ घेण्याजोगा आणि सरळ परत करण्याजोगा भाग कोणालाही ओळखता येतो. कस लागतो तो मधल्या ढिगात, जिथे लेखात काहीतरी आहे पण लेख झालेला नाही. त्या लेखकाला काय लिहायचे, किती लिहायचे आणि कोणत्या शब्दांत लिहायचे, यात संपादकाचे दिवस जातात.

दुसरे म्हणजे पानांचे गणित. अंक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एका वेळी सोळा पानांच्या गठ्ठ्याने, छापला जातो, त्यामुळे सुटे एखादे पान वाढवता येत नाही. जाहिरात ऐन वेळी आली किंवा गळाली, की कथेच्या शेवटच्या अकरा ओळी कुठे बसवायच्या हा प्रश्न उभा राहतो. वाईट संपादक त्या ओळी कापतो. चांगला संपादक आधीच्या पानांतले तीन परिच्छेद असे शोधतो की जिथे शेवटच्या ओळीत एकच शब्द लोंबतो आहे. प्रत्येक परिच्छेदातला एखादा शब्द कमी केला की ओळच वाचते. उरलेल्या आठ ओळींसाठी तो लेखकाला फोन करतो. हे पुस्तकात शिकवत नाहीत. मी ते माझ्या वरिष्ठांच्या टेबलापाशी उभा राहून शिकलो, आणि म्हणून दुसऱ्या खुर्चीचा मुद्दा मला पूर्ण पटतो.

तिसरी गोष्ट जबाबदारीची. अंकाच्या श्रेयपंक्तीत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे छापायची असतात, ती शोभेसाठी नव्हेत. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा लेखक चंद्रकांत काकोडकर यांच्यासह मुद्रक-प्रकाशकही आरोपी होते. सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवले ते १९६९ मध्ये. एका कथेसाठी सात वर्षे! र. धों. कर्वे यांच्यावर लैंगिक विषयांवर उघडपणे लिहिणाऱ्या ‘समाजस्वास्थ्य’ या त्यांच्या मासिकासाठी खटले झाले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. या वाटेने जाणाऱ्या माणसाने हा इतिहास वाचलेला असावा, कारण ‘हे छापायचे का’ हा प्रश्न त्याच्यासमोर कधीतरी येणारच आहे आणि त्या क्षणी शेजारी कोणी नसते.

श्रोती

मी संपादक नाही. शास्त्रीय संगीतावर लिहिते, त्यामुळे संपादनाची दुसरी बाजू सांगू शकते.

एका मासिकासाठी मी मैफलीवर लेख पाठवला होता. त्यात एक वाक्य होते : ‘त्यांनी यमनचे भावविश्व हळुवारपणे उलगडत नेले.’ संपादकांनी लेख परत पाठवला आणि समासात पेन्सिलीने लिहिले, ‘म्हणजे त्यांनी काय केले?’ मला आधी राग आला. मग मी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले, आणि लक्षात आले की गायिका बराच वेळ पंचमाला स्पर्शच करत नव्हती. तीव्र मध्यमावरून ती थेट धैवताकडे जात होती, त्यामुळे पंचम पहिल्यांदा लागला तेव्हा सभागृहात जी हालचाल झाली तिचे कारण मला त्या रात्री कळलेच नव्हते. मी ते लिहिले. पुढच्या खेपेला समासात दोन प्रश्न आले, एक तबल्याच्या लयीविषयी आणि एक बंदिशीच्या शब्दांविषयी. तिसऱ्या खेपेला लेख लागला.

त्या संपादकांनी माझे एकही वाक्य स्वतः लिहिले नाही, याचे मला आजही अप्रूप वाटते. त्यांच्याकडे संगीताचे शिक्षण नव्हते, पण कुठले वाक्य पोकळ आहे हे त्यांना ऐकू येत असे. आता मी पोर्टलांसाठी लिहिते. तिथली मंडळी सौजन्याने वागतात, पण लेख सकाळी पाठवला की दुपारी दिसतो, आणि ‘म्हणजे काय’ असे कोणीही विचारत नाही. माझे लेखन त्यामुळे सैल होत चालले आहे असे मला स्पष्ट जाणवते. एखाद्या संपादकाची कारकीर्द मोजायचीच असेल, तर त्याच्या हाताखालून गेलेल्या लेखकांचे पाच वर्षांपूर्वीचे आणि आजचे लेखन शेजारी ठेवून पाहावे, असे मला वाटते.

तिसरी घंटा

या धाग्यावर जुन्या व्यवस्थेविषयी फार हळहळ व्यक्त होते आहे, म्हणून विरुद्ध बाजू मांडणे भाग आहे.

दुसरी खुर्ची कौशल्य शिकवते, पण त्याबरोबर अभिरुचीही हाती देते, आणि ती अभिरुची प्रश्न न विचारता पुढे चालत राहते. ‘सत्यकथे’च्या काटेकोरपणाचा सगळ्यांना आदर आहे. मलाही आहे. पण १९६९ मध्ये मुंबईत तरुण लेखकांनी त्याच मासिकाच्या अंकाची होळी केली आणि त्यात राजा ढाले आघाडीवर होते, हे विसरून चालणार नाही. एका विशिष्ट घडणीचे लेखन म्हणजेच साहित्य, असे एखादे टेबल ठरवू लागले की बाहेर राहिलेल्यांना दुसरा मार्ग काढावाच लागतो. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर यांनी पन्नासच्या दशकात ‘शब्द’ सायक्लोस्टाइलवर काढले. पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’ आणि अशी अनेक अनियतकालिके, म्हणजे ठरावीक मुदतीचे बंधन नसलेले छोटे अंक, निघाली. त्यांत ना पगार होता, ना पदाची उतरंड, ना निवृत्ती. त्यांच्या संपादकांपैकी कोणी संपादक म्हणून ‘कारकीर्द’ केली नाही, तरीही मराठी कवितेची आणि गद्याची दिशा त्यांनी बदलली.

तेव्हा संपादनाला आयुष्यभराची नोकरी बनवणे इष्ट आहे का, हा प्रश्नही विचारला जावा. पाच-सहा वर्षे झपाटून अंक काढावा आणि सांगायचे ते सांगून झाले की बंद करावा, यात मला काहीही गैर वाटत नाही.

अनुक्रमणिका (धागाकर्ता)

तिसरी घंटा, आपला आक्षेप रास्त आहे आणि मी त्याला वळसा घालणार नाही. एका टेबलाची अभिरुची अनेक वर्षे चालली की तिची भिंत होते, हे खरे. पण अनियतकालिकांचे आपण जे वर्णन केले, ते मुख्यतः आधीच तयार झालेल्या, आपले म्हणणे ठाऊक असलेल्या लेखकांना लागू पडते. चित्रे किंवा कोलटकर यांना समासातल्या प्रश्नाची गरज नव्हती, त्यांना जागा हवी होती. श्रोती यांना प्रश्नाची गरज होती, आणि बहुसंख्य लेखक त्यांच्यासारखेच असतात. त्यांच्यासाठी तोच माणूस तिसऱ्या खेपेलाही टेबलाशी असावा लागतो.

आणखी एक उदाहरण इथे नोंदवावेसे वाटते. वसंत दावतर यांच्या ‘आलोचना’ या समीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात परीक्षणे समीक्षकाच्या नावाशिवाय छापली जात. परीक्षणाखाली नाव नसल्याने लेखकाचा रोष, वादविवाद, प्रत्युत्तरे ही सगळी संपादकाच्या अंगावर येणार, हे उघड होते. समीक्षकाला निर्भय करण्यासाठी आपली पाठ पुढे करणारा असा संपादक पाच-सहा वर्षांच्या झपाटलेपणातून तयार होईल का, याविषयी मी साशंक आहे.

गोदाकाठ यांचा मुद्दा मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो. मी मासिकामागच्या उद्योगाकडे पाहत होतो, त्यांनी संपादकामागच्या नोकरीकडे लक्ष वेधले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नियतकालिकांना अनुदान देते, आणि अनेक अंकांना त्याचा आधार आहे. पण अशा अनुदानातून कागद आणि छपाई निभावते, माणूस निभावत नाही. अंकाऐवजी साहाय्यक संपादकाच्या वेतनाला दोन-तीन वर्षांचे पाठबळ देणारी योजना कोणी आखली, मग ती शासनाने आखो वा एखाद्या न्यासाने, तर तेवढ्याच पैशांत अधिक काम होईल.

जमाखर्च

जाहिरात विभागात काम केले आहे, त्यामुळे आर्थिक बाजू थोडक्यात.

का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी मासिकांचे वर्ष हळूहळू त्या एका अंकाभोवती फिरू लागले. जाहिरातदार वर्षभराचे पैसे दिवाळीला देतो. साहजिकच मासिकाची मिळकत एका अंकात एकवटते आणि उरलेले अंक तोट्यात किंवा जेमतेम निघतात. पुष्कळांनी यावरून सोपा निष्कर्ष काढला, की मग दिवाळी अंकच काढावा. आज कितीतरी संपादक वर्षातून एकदाच संपादक असतात. उन्हाळ्यात लेखकांना निमंत्रणे जातात, पावसाळ्यात मजकूर येतो आणि सप्टेंबरात छपाईची घाई सुरू होते. अशा वेळापत्रकात श्रोती यांच्या लेखासारखा लेख दोनदा परत पाठवायला वेळच नसतो. नामवंतांचा मजकूर येईल तसा लागतो, कारण जाहिरातदाराला अनुक्रमणिकेत नावे दाखवायची असतात.

जो तरुण या कामात स्थिरावू पाहतो, त्याने जाहिरातीचे दरपत्रक, कागदाचा भाव आणि वर्गणीदारांची यादी या तीन गोष्टी वाचायला शिकाव्यात. हिशेब न समजणाऱ्या संपादकाला व्यवस्थापक दरवर्षी चार पाने कमी करायला सांगतो आणि त्याला उलट प्रश्नही विचारता येत नाही.

नवी पालवी

मी मराठी विषय घेऊन एम. ए. करते आहे आणि मला हेच काम करायचे आहे. वरील सर्व प्रतिसाद दोनदा वाचले. मान्यवरांना एकच विनंती आहे. दुसरी खुर्ची उरलेली नसेल, तर आज, माझ्या वयाच्या व्यक्तीने सुरुवात नेमकी कुठून करावी?

गॅलीप्रूफ

आपल्या प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर देतो.

पहिली नोकरी मासिकातच मिळेल असा हट्ट धरू नका. पुस्तक प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधनाचे काम मिळते का ते पाहा. एक हस्तलिखित शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा वाचण्याची संधी आता मुख्यतः तिथेच उरली आहे. नाटक, चित्र, संगीत यांपैकी एका कलेचा सातत्याने पाठपुरावा करा, कारण सर्व विषयांत थोडे थोडे जाणणारे लोक पुष्कळ आहेत, पण एका विषयात लेखकाला अडवू शकेल असा माणूस संपादकाला हवा असतो. मुलाखतीला गेलात, तर मजकूर नाकारण्याचा अंतिम अधिकार कोणाकडे आहे आणि लेखकांना मानधन किती दिवसांत मिळते, हे दोन प्रश्न अवश्य विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला, तर तिथले दिवस कसे जातील याचा अंदाज येतो.

आणि सुट्टीच्या दिवसांत एखाद्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन कोणत्याही एका जुन्या मासिकाचे बांधीव खंड मागवा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी असे खंड पाहायला मिळतात. गाजलेले विशेषांक बाजूला ठेवा आणि सलग तीन वर्षांचे साधे अंक क्रमाने वाचा. त्यात पहिल्यांदाच लिहिणारा एखादा लेखक निवडा, त्याचा पहिला लेख आणि पाचवा लेख वहीत शेजारी शेजारी उतरवून काढा, आणि पाचव्यात कोणते शब्द येईनासे झाले आहेत याची यादी करा. ती यादी घेऊन या धाग्यावर या. मी वाचीन, आणि श्रोती यांच्या संपादकांनी विचारले तसे प्रश्न विचारीन.